वेलस्ली : मुंबईच्या सागाची सव्वाशे वर्षे

२९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर 'जावा' ही इंग्रजी फ्रिगेट 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकन जहाजाच्या तडाख्यात सापडली. संध्याकाळपर्यंत जावाच्या तिन्ही डोलकाठ्या आडव्या झाल्या होत्या आणि कप्तान हेन्री लॅम्बर्ट मरणाच्या दारात होता. जहाजाचा इतका चुराडा झाला होता, की जिंकणाऱ्यांनी ते सोबत नेण्याचा विचार सोडला आणि पेटवून दिले. जावा मुंबईला निघाली होती. मुंबईच्या लष्कराचे सेनापती म्हणून नेमलेले थॉमस हिस्लॉप तिच्यावर होते. मुंबईत बांधल्या जात असलेल्या जहाजांच्या बुडाला ठोकायचे तांबे होते. आणि मुंबईच्या गोदीसाठी लंडनहून पाठवलेले नव्या युद्धनौकांचे नकाशे होते. हिस्लॉप कैदेतून सुटले, हिंदुस्थानात आले आणि पाच वर्षांनी महिदपूरच्या रणात होळकरांच्या फौजेसमोर उभे राहिले. नकाशे मात्र गेले ते गेलेच.

त्या नकाशांची वाट पाहत होते जमशेदजी बमनजी वाडिया. ७४ तोफांचे एक जहाज बांधायचा हुकूम त्यांच्या हाती होता, पण ते कसे बांधायचे याचा कागद नव्हता. जमशेदजींच्या गोदीतून मे १८१३ मध्ये 'कॉर्नवॉलिस' हे ७४ तोफांचे दुसरे जहाज नुकतेच पाण्यात उतरले होते. त्याचीच मापे घेऊन नवे जहाज उभारायचे ठरले. त्या जहाजाचे नाव 'वेलस्ली'.

पुढची सव्वाशे वर्षे हे जहाज तरंगत राहिले. कराची त्याच्या तोफांनी घेतली. हाँगकाँग ब्रिटिशांच्या हाती देणाऱ्या युद्धात ते आघाडीवर होते. आणि शेवटी, शिडाच्या युद्धनौका फक्त चित्रांतच दिसू लागल्याला कित्येक वर्षे लोटल्यावर, हिटलरच्या विमानांनी ते बुडवले. मुंबईत घडलेल्या जहाजांबद्दल आपल्याकडे अभिमानाने लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण जहाज पाण्यात उतरले की आपली लेखणी बहुधा तिथेच थांबते. वेलस्ली कुठे गेले, कोणावर चालून गेले आणि कोणासाठी, हेही मुंबईच्याच इतिहासात मोडते असे मला वाटते.

*

जमशेदजींचे आजोबा लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले. ईस्ट इंडिया कंपनीला सुरतेचे सुतार मुंबईत हवे होते. मुंबईच्या बंदरात जहाजांच्या दृष्टीने एक मोठी सोय आहे. उधाणाच्या भरती-ओहोटीत इथे पाण्याची पातळी पंधरा फुटांच्या आसपास चढते-उतरते. भरतीला जहाज गोदीत घ्यायचे, ओहोटीला पाणी जाऊ द्यायचे, दरवाजे बंद करायचे. कोरड्या गोदीचे अर्धे काम समुद्रच करतो. १७५० मध्ये इथली पहिली कोरडी गोदी झाली. मोठ्या युद्धनौका मावतील अशी डंकन गोदी १८१० मध्ये पुरी झाली आणि त्याच वर्षी जमशेदजींनी 'मिंडेन' हे ७४ तोफांचे जहाज पाण्यात सोडले. ब्रिटनबाहेर बांधलेले ब्रिटिश नौदलाचे पहिले मोठे रांगेतले जहाज ते हेच.

रांगेतले जहाज म्हणजे काय, हे थोडे जवळून पाहायला हवे. त्या काळच्या समुद्री लढाईत दोन्हीकडची मोठी जहाजे एकामागे एक अशी रांग धरत आणि कुशीतल्या तोफा एकमेकांवर डागत. ज्या जहाजाला त्या रांगेत उभे राहण्याइतकी ताकद असेल, ते रांगेतले. वेलस्लीच्या वर्गातल्या जहाजाला तोफांचे दोन पूर्ण मजले असत. खालच्या मजल्यावर ३२ पौंडी गोळा फेकणाऱ्या २८ तोफा, वरच्या मजल्यावर १८ पौंडी २८, आणि उरलेल्या उघड्या तख्तावर. ३२ पौंडी गोळा म्हणजे साडेचौदा किलोंचा लोखंडी गोल. असा गोळा टाकणाऱ्या एकेका तोफेचे वजन अडीच टनांवर. म्हणजे नुसत्या खालच्या मजल्यावरच सत्तर टनांच्या आसपास लोखंड, आणि तेही स्वस्थ पडलेले नव्हे, तर प्रत्येक बारासरशी मागे उसळणारे. हा सगळा धक्का लाकडाने सोसायचा. तोफमजल्याची लांबी १७६ फूट, आणि एवढ्या जागेत जवळजवळ सहाशे माणसे झोपत, जेवत आणि लढत.

असे ओझे वर्षानुवर्षे पेलणारे लाकूड इंग्लंडला कमी पडू लागले होते. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाने ओकची जंगले संपत आली होती. शिवाय ओकची एक जुनी खोड होती. त्यातले आम्ल लोखंडी खिळ्याला खाते. खिळ्याभोवती लाकूड काळे पडते, मऊ होते आणि काही वर्षांत खिळा आपल्या भोकात खुळखुळू लागतो. सागाचे उलट. सागात तेल असते, आणि ते लोखंडाला गंजू देत नाही. समुद्री किड्याला साग सहजी दाद देत नाही, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, आणि नीट वाळवलेला साग उन्हापावसात फारसा फुगत-आकसत नाही. मलबारात तो वाळवण्याची रीतही खास होती. झाड पाडण्याआधी बुंध्याची साल गोल कापून काढत आणि झाड उभ्याउभ्याच मरू देत, वाळू देत. मग ते पाडून नदीवाटे समुद्राकडे आणत. मुंबईतली बांधणी महाग पडे, पण इथले जहाज ओकच्या जहाजाच्या दुप्पट-तिप्पट टिकते, हे लंडनला कळून चुकले होते.

हा साग फुकट आलेला नव्हता. १८०६ मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसन याला मलबारात जंगलांचा पहिला संरक्षक नेमले. नाव संरक्षक, पण काम नौदलासाठी साग मिळवण्याचे. पुढे कंपनीने मलबार-त्रावणकोरातल्या सागावर मक्तेदारीच बसवली. ज्यांची ती झाडे होती त्या मालकांना आपलेच झाड तोडायची मुभा राहिली नाही. तक्रारी वाढत गेल्या आणि अखेर १८२३ मध्ये ती मक्तेदारी उठवावी लागली. वेलस्ली बांधले गेले ते या मक्तेदारीच्या ऐन भराच्या काळात.

जमशेदजींचे एक तैलचित्र लंडनमधल्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. पांढरा जामा, डोक्याला पागोटे, हातात जहाजाचा आराखडा, कमरेला खोचलेली चांदीची मोजपट्टी. ती पट्टी कंपनीने त्यांना मानाची भेट म्हणून दिली होती. खिडकीतून मिंडेन दिसते. माणूस शांत, जाड अंगाचा, आपल्या कामाची पुरती जाण असलेला वाटतो. त्यांच्या हाताखाली जे सुतार, लोहार आणि फळ्यांच्या सांध्यांत कापूस-काथ्या ठासून कलफत करणारे कारागीर राबले, त्यांचे चित्र कोणी काढले नाही.

२४ फेब्रुवारी १८१५ रोजी वेलस्ली पाण्यात उतरले. दिवस पौर्णिमेला लागूनच होता, म्हणजे उधाणाची भरती. मुंबईत जहाज बांधणाऱ्यांचे पंचांग समुद्राच्या हातात असे. जहाजाला खर्च आला ५५,१४७ पौंड.

नावातही महाराष्ट्र होता. आर्थर वेलस्ली म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा तो हाच. रणांगणावर आपल्या हातून झालेली सर्वांत चांगली कामगिरी म्हणजे असई, असे तो म्हातारपणीही सांगत असे. जहाज पाण्यात उतरले तेव्हा वॉटर्लूची लढाई व्हायला चार महिने होते. जहाजाच्या नाळेवर त्याच वेलस्लीचा लाकडी पुतळा बसवला होता.

*

पण ज्या युद्धासाठी जहाज बांधले ते संपून गेले. नेपोलियन पकडला गेला, आणि नव्या जहाजांचे काम नौदलाकडे उरले नाही. वेलस्लीची सुरुवातीची वर्षे अशीच गेली. १८२५ मध्ये त्याने सर चार्ल्स स्टुअर्ट या वकिलाला पोर्तुगाल आणि ब्राझीलला नेले. ब्राझीलचे स्वातंत्र्य पोर्तुगालने मान्य करावे, यासाठी ती शिष्टाई होती आणि ती यशस्वी झाली. सोबत चार्ल्स लँडसीर हा चित्रकार होता. त्याने त्या प्रवासात ब्राझीलची पुष्कळ चित्रे काढली. ज्या किनाऱ्यासमोर आपले मूळ नकाशे नष्ट झाले, तिथे तेरा वर्षांनी वेलस्ली पांढरी शिडे उभारून पोचले.

१८२७ ते १८३० या काळात भूमध्य समुद्रात त्याचा कप्तान होता फ्रेडरिक लुईस मेटलंड. हा तोच मेटलंड, ज्याच्या 'बेलेरोफॉन' जहाजावर १५ जुलै १८१५ रोजी नेपोलियन शरण आला. मेटलंडला वेलस्लीचा लळा लागला असावा, कारण १८३७ मध्ये पूर्वेकडच्या ब्रिटिश आरमाराचा सेनापती म्हणून त्याची नेमणूक झाली तेव्हा निशाण लावायला त्याच्या वाट्याला पुन्हा हेच जहाज आले. मुंबईत जन्मलेले वेलस्ली त्याच्यासोबत हिंदी महासागरात परतले.

१८३८ च्या अखेरीस इंग्रजांची अफगाणिस्तानवर स्वारी सुरू झाली. मुंबईहून सर जॉन कीन यांची फौज सिंधू नदीच्या मुखाशी उतरली. मागाहून येणाऱ्या राखीव फौजेला बंदर हवे होते, आणि जवळचे चांगले बंदर म्हणजे कराची. कराची सिंधच्या तालपूर मीरांची. मीरांशी युद्ध नव्हते. पण बंदर हवे होते.

फेब्रुवारी १८३९ च्या सुरुवातीला वेलस्ली कराचीसमोर उभे राहिले. सोबत ब्रिगेडियर व्हॅलियंटच्या हाताखालची फौज होती. बंदराच्या तोंडाशी मनोरा नावाचा किल्ला. शरणागती मागितली, ती नाकारली गेली, किल्ल्यावरून एक तोफ वाजली, आणि वेलस्लीने आपली पूर्ण कूस किल्ल्यावर रिकामी केली. धूर निवळला तेव्हा समुद्राकडची भिंत ढासळली होती. एक हकीकत अशी सांगतात, की किल्ल्यावरची ती तोफ बंदरात जहाज आले की इशाऱ्यासाठी वाजवायची रोजची तोफ होती. ती खरी असो वा नसो, एवढ्या मोठ्या जहाजापुढे त्या किल्ल्याला लढाई देणे शक्यच नव्हते. ३ फेब्रुवारीला वेलस्लीवरच कराचीच्या स्वाधीनतेचा कागद झाला.

त्या कागदातून मुंबई आणि कराचीचे शंभर वर्षांचे नाते सुरू झाले. १८४३ मध्ये सारा सिंध इंग्रजांनी गिळला, मग तो मुंबई इलाख्याला जोडला आणि १९३६ पर्यंत तो मुंबईकडेच राहिला. मुंबईची सरकारी नोकरी मराठी माणसाला कराचीला घेऊन गेली. सिंधमधली पहिली सरकारी शाळा १८५५ मध्ये उघडली. ती आजही कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. त्या नात्याच्या पहिल्या पानावर वेलस्लीच्या तोफांचा धूर आहे.

कराचीनंतर मेटलंड इराणच्या आखातात बुशहरला गेला. तिथला सुभेदार आणि इंग्रज रेसिडेंट यांचे बिनसले होते. मार्चअखेर त्याने रेसिडेंटला आणि तिथल्या माणसांना सुखरूप बाहेर काढले. मग परत मुंबई. आणि ३० नोव्हेंबर १८३९ रोजी, मुंबईजवळ समुद्रात, वेलस्लीवरच मेटलंड वारला. नेपोलियनची शरणागती घेणारा हा माणूस मुंबईच्या मातीत पुरला गेला. लोकवर्गणीतून त्याचे स्मारक सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये उभारले.

*

मेटलंड मेला त्या वर्षी चीनमध्ये एक वेगळेच वादळ उठले होते. अफू चीनमध्ये बंद होती, पण ब्रिटिश हिंदुस्थानातून तिथे दरवर्षी हजारो पेट्या जात. १८३९ मध्ये लिन झेशू नावाचा बादशहाचा खास अधिकारी कँटनला आला. त्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त केल्या आणि जून महिन्यात हूमेन इथे मोठे हौद खणून, मीठ आणि चुना टाकून ती अफू विरघळवून समुद्रात सोडून दिली. इंग्लंडने याचा जाब तोफांनी विचारायचे ठरवले.

त्या पेट्यांपैकी पुष्कळ मुंबईच्या होत्या. बंगालची अफू कंपनीच्या मक्त्याची होती. पण माळव्याची अफू, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात इंदूर, उज्जैन, मंदसोर भागात पिकणारी, मुंबईच्या बंदरातून जाई. मुंबईच्या मोठ्या सावकार-व्यापाऱ्यांची, पारशी, गुजराती, मारवाडी पेढ्यांची भरभराट तिच्यावर झाली. सर जमशेदजी जिजीभॉय यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनच्या व्यापारातून आला. त्या संपत्तीतून मुंबईला रुग्णालय मिळाले, कलाशाळा मिळाली, माहीमचा रस्ता मिळाला. त्यांच्या दानाबद्दल मुंबईने कृतज्ञ असावेच. पण पैसा कुठून आला हेही सांगायला हवे, कारण ते झाकून मुंबईचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास समजत नाही.

आणि इथे कराचीची गोष्ट परत येते. मुंबईतून माळव्याची अफू पाठवायची तर कंपनीला परवान्याचे पैसे भरावे लागत. ते चुकवण्यासाठी व्यापारी उंटांवर लादून माल पाली-जैसलमेरच्या वाळवंटातून कराचीला आणत, तिथून गलबतांनी पोर्तुगीजांच्या दमणला आणि दमणहून चीनला. इंग्रजांना ही गळती कैक वर्षे सलत होती. कराची हाती आली, सिंध घेतला, आणि वाट बुजली. मग परवान्याचा दर चढू लागला: १८३५ मध्ये पेटीमागे १२५ रुपये होता, तो १८४३ मध्ये २००, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४०० रुपये झाला. कराची अफूसाठीच घेतली असे मी म्हणत नाही. निमित्त अफगाण स्वारीचे होते. पण माळव्याच्या अफूची मागची वाट बंद करणारे जहाज आणि तिच्यासाठी चीनचे दार फोडणारे जहाज एकच होते.

जुलै १८४० मध्ये वेलस्ली चीनच्या पूर्व किनाऱ्यावर चुसान बेटापुढे, दिंगहाय गावासमोर पोचले. निशाण आता कमोडोर गॉर्डन ब्रेमर याचे होते आणि कप्तान होता थॉमस मेटलंड, जुन्या सेनापतीचाच भाऊबंद. ४ जुलैला बेटाच्या चिनी अधिकाऱ्यांना वेलस्लीवर बोलावून गाव खाली करण्याचा खलिता देण्यात आला. त्यांच्या जहाजांवरच्या तोफा लहान, डोलकाठ्या ठेंगण्या. वेलस्लीच्या दोन मजली तोफा पाहिल्यावर आपली धडगत नाही हे त्यांना कळले, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. तुमचे भांडण कँटनच्या लोकांशी आहे, आम्ही तुमचे काय वाकडे केले, असे ते म्हणाले. तुमच्यापुढे आम्ही टिकणार नाही हे दिसते आहे, तरी लढणे आमचे कर्तव्य आहे, असेही म्हणाले, आणि होडीत बसून किनाऱ्याकडे गेले. वेलस्लीच्या साऱ्या इतिहासात हा प्रसंग मला सर्वांत लख्ख दिसतो. मुंबईच्या सागाच्या तख्तावर उभे राहून, ज्यांनी मुंबईचे नावही बहुधा ऐकले नसेल, अशी माणसे विचारत होती की आमचा दोष काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोफा सुरू झाल्या. दहा मिनिटेही लागली नाहीत. गाव ओस पडले, लूट झाली. पण चुसानने आपला सूड हवा-पाण्याच्या हातून घेतला. हिवताप आणि हगवणीने त्या वर्षअखेरपर्यंत बेटावर ठेवलेल्या फौजेतले चारशेहून अधिक लोक दगावले.

पुढे जानेवारी १८४१ मध्ये चुएनपी, आणि २६ फेब्रुवारीला पर्ल नदीच्या मुखावरचे बोगचे किल्ले. बोग म्हणजे तेच हूमेन, जिथे पावणेदोन वर्षांपूर्वी लिन झेशूने अफू बुडवली होती. चिनी आरमाराचा म्हातारा सेनापती ग्वान तियानपै त्या दिवशी आपल्या तोफांजवळ लढता लढता पडला. मधल्या काळात, २६ जानेवारीला ब्रेमरने हाँगकाँग बेटाचा ताबा घेतला होता. ऑगस्टमध्ये अमॉय. तिथला लांबलचक दगडी बुरूज ग्रॅनाइटचा आणि मातीने भरलेला. वेलस्ली आणि 'ब्लेनहाइम' या दोन ७४ तोफांच्या जहाजांनी तासन्‌तास मारा केला तरी भिंत फारशी ढासळली नाही. शेवटी फौज किनाऱ्यावर उतरवून बाजूने तो बुरूज घ्यावा लागला. चीनच्या किल्ल्यांनीही वेलस्लीला रिकामे सोडले नाही: त्याच्या कुशीत २७ गोळे रुतले होते. सागाने ते गिळले आणि जहाज चालत राहिले.

ऑगस्ट १८४२ च्या २९ तारखेला नानकिंगचा तह झाला. तो झाला कॉर्नवॉलिस जहाजावर, म्हणजे ज्याच्या मापावर वेलस्ली बांधले होते त्या थोरल्या भावाच्या दालनात. चीनने २ कोटी १० लाख डॉलर भरायचे. त्यातले ६० लाख नष्ट केलेल्या अफूची भरपाई म्हणून. युद्धाच्या आरंभी आणि अखेरीस मुंबईचीच लाकडे होती. त्याच वर्षी जमशेदजी जिजीभॉय यांना 'सर' हा किताब मिळाला. तो मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. वेलस्लीचे कर्ते जमशेदजी बमनजी हे पाहायला नव्हते. ते १८२१ मध्येच वारले होते.

*

यानंतरची लढाऊ वर्षे थोडकी. १८४८ ते १८५१ वेलस्ली उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडिजच्या ताफ्याचे निशाणजहाज होते, आणि निशाण होते लॉर्ड डंडोनाल्ड म्हणजे थॉमस कॉक्रेन यांचे. चिली, ब्राझील आणि ग्रीस या तीन देशांची आरमारे चालवलेला हा वल्ली माणूस तेव्हा बहात्तरी ओलांडलेला होता. त्याच ताफ्यात 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेटही होती. तीसुद्धा जमशेदजींचीच, १८१७ ची. आणि तिचेही मूळ नकाशे जावाबरोबरच गेले होते. मुंबईच्या एकाच गोदीत घडलेली दोन भावंडे अटलांटिकच्या पलीकडे एकत्र फिरत होती. ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तरंगत्या ब्रिटिश युद्धनौकांत तिच्याहून जुनी कोणी नाही. तिच्याहून जुने तरंगते लढाऊ जहाज जगात एकच आहे, बोस्टनचे 'कॉन्स्टिट्यूशन', जावाला पकडणारे तेच.

वाफेचे यंत्र आले, पंखा आला, लोखंडी चिलखत आले. १८५४ पासून वेलस्ली चॅटमला बंदरातच कामाला राहिले. १८६८ मध्ये ते लंडनच्या एका संस्थेला दिले गेले. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना जहाजावर ठेवून खलाशाचे काम शिकवणारी ती संस्था. नाव बदलून 'कॉर्नवॉल' ठेवले आणि थेम्स नदीत पर्फ्लीटला नांगरले. गंमत अशी, की संस्थेच्या आधीच्या जुन्या कॉर्नवॉल जहाजाला वेलस्ली हे नाव देऊन टाइन नदीवर पाठवले. दोन जहाजांनी नावांची अदलाबदल केली. जुन्या कागदांत त्यामुळे पुष्कळांची फसगत होते. पण असईचे नाव घेऊन जन्मलेले जहाज ते हे, थेम्समधले.

बहात्तर वर्षे त्या सागावर लंडनच्या गरीब वस्त्यांतली मुले डोलकाठ्या चढली-उतरली. ज्या मजल्यावर ३२ पौंडी तोफा होत्या तिथे त्यांचे अंथरूण. १९२८ मध्ये जहाज ग्रेव्हझेंडच्या खाली डेन्टनला हलवले. वय तेव्हा ११३. ओकचे जहाज या वयाला पोचले तरी बहुधा पाणी उपसत उपसत पोचते. हे तोवर नेमून दिलेल्या जागी उभे होते.

२४ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन विमानांच्या हल्ल्यात जहाजावर बाँबचा मारा झाला आणि ते बुडाले. शत्रूच्या माऱ्याने बुडालेले ते शेवटचे ब्रिटिश रांगेतले जहाज, आणि हवाई हल्ल्यात बुडालेले एकमेव. ज्या काळात ते बांधले त्या काळात माणूस उडत असे तो फक्त गरम हवेच्या किंवा हायड्रोजनच्या फुग्यातून.

१९४८ मध्ये सांगाडा वर काढला, टिलबरीला किनाऱ्याला लावला आणि तोडला. साग तेव्हाही कामाचा निघाला. त्यातले काही लाकूड लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसच्या डागडुजीत वापरले गेले. मलबारच्या डोंगरात उभ्याने वाळवलेले, मुंबईत घडवलेले, चिनी गोळे झेललेले लाकूड अखेर इंग्लंडच्या न्यायमंदिरात गेले. नाळेवरचा ड्यूकचा पुतळा चॅटमच्या जुन्या गोदीत, मुख्य दरवाजाच्या आत उभा आहे.

जमशेदजींच्या हातांना काय म्हणावे हे वेलस्लीने सव्वाशे वर्षे सांगितले. त्यात कोणाचे दुमत होण्याचे कारण नाही. त्या हातांनी घडवलेल्या वस्तूचे काय करायचे हे मात्र मुंबईने कधी ठरवले नाही, ते लंडनने ठरवले. मुंबईच्या पेढ्यांनी त्याचा नफा घेतला आणि किंमत दिंगहायच्या माणसांनी मोजली. अभिमान आणि ही जाणीव दोन्ही एकाच माणसाच्या मनात राहू शकतात, राहायला हव्यात.

पुढच्या वेळी फोर्टात गेलात, तर हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये जाऊन मेटलंडचे स्मारक पाहा. तो ज्या जहाजावर मेला ते तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर बांधले होते. बाहेर पडून दक्षिणेला नौदलाच्या गोदीच्या भिंतीपर्यंत चालत जा. आत सोडत नाहीत, पण भिंतीपलीकडे डंकन गोदी आहे, आणि ती आजही चालू आहे.